कर्नाटक पासिंग

अमरेशचा टेम्पो गोठ्याच्या दारातून आत जात नव्हता. कडबा जास्त बसावा म्हणून त्यानं हौद्यावर लोखंडी चौकट उंच करून घेतली होती आणि ती चौकट आता दाराच्या तुळईला अडत होती. पुढून घालून झालं, मागून घालून झालं. शेवटी तुळईवरचा चुन्याचा पोपडा काचेवर पडला तेव्हा नागाप्पांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. दार पडंल आनि टेम्पो हितंच ऱ्हाईल."

नागाप्पा अमरेशच्या आईचे भाऊ. कोल्हापुरात त्यांच्या पाच म्हशी होत्या, खाली गोठा आणि वर राहायच्या दोन खोल्या. अमरेशचं गाव सीमेपलीकडं. दर बुधवारी तो कडबा आणि सरकी पेंड घेऊन पहाटे यायचा, जेवायचा आणि दुपारी परत जायचा. या बुधवारी पेंडीची पोती उतरवून होईपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. मग मामाची मुलगी शांभवी मोबाइल हातात घेऊन जिना उतरत आली. सीमेपलीकडं कुठंतरी इकडच्या एसटीवर दगड पडले होते, ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं होतं. त्याचा व्हिडिओ शहरभर फिरत होता. दुकानांची शटर खाली येत होती आणि कर्नाटक पासिंगची गाडी दिसेल तिथं अडवली जात होती.

सीमेवरचा नाका बंद झाला होता. म्हणजे परत जाता येत नव्हतं, आणि टेम्पो लपवता येत नव्हता.

गल्ली पुढं बंद होती. मोठ्या रस्त्यावरून आत आलं की थोड्या अंतरावर एक वळण, वळणानंतर नागाप्पांचा गोठा आणि गोठ्यापुढं भिंत. टेम्पो त्या भिंतीला पाठ लावून उभा होता. वळणावरून कुणी आत पाहिलं तर आधी समोरची नंबरप्लेट दिसणार, मग काचेच्या वर लाल रंगात कानडीत लिहिलेलं देवीचं नाव. मायक्का. अमरेशच्या वडिलांनी ते रंगवून घेतलं होतं. वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या घरात राबणारं एवढंच होतं, चार चाकं आणि अमरेश.

"नंबरवर शेण थाप," शांभवी म्हणाली. तिनं स्वतःच थापलं. मग ती वरच्या अक्षरांकडं वळली.

"त्याला हात लावू नको," शांभवीची आई रत्नव्वा दारातून ओरडली. "देवीच्या नावाला शेण लावतीस? लाज वाटती का?"

"अव्वा, तेच वाचत्यात आधी."

"वाचू देत."

शेवटी अक्षरांवर पोतं बांधलं. पोतं वाऱ्यानं हलत होतं. अमरेश वळणावर जाऊन तिथून बघून आला आणि म्हणाला, "झाकलेलं दिसतंय. झाकलंय म्हटल्यावर माणूस उचलून बघणारच की."

ते खरं होतं.

"सम्राटला फोन लाव," नागाप्पा म्हणाले.

सम्राट गल्लीच्या तोंडाशी राहायचा. तालमीतला पोरगा, दर बुधवारी पोती उतरवायला हात लावायचा आणि त्याबद्दल धारेखालचं दूध तांब्यानं पिऊन जायचा. शांभवीनं फोन लावला, पुन्हा लावला. उचलला नाही. मग तिनं गल्लीच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ उघडला आणि अमरेशच्या हातात दिला. मोर्चा निघाला होता. पुढं मोटारसायकली होत्या, आणि सगळ्यात पुढच्या गाडीवर झेंडा धरलेला पोरगा मागं आणि चालवणारा सम्राट.

"त्याला म्हाईत हाय," अमरेश म्हणाला. "आज बुधवार हाय, मी हितं हाय, टेम्पो हितं हाय. सगळं म्हाईत हाय त्याला."

"मग काय? सांगतोय व्हय तो?" रत्नव्वा म्हणाली. पण हे म्हणताना तिनं दाराची कडी घालून बघितली, नीट बसते का.

नागाप्पांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. विचार केला की ते तसं करायचे. "म्हशी भाईर काढा," ते म्हणाले. "वळणावर आडव्या बांधा. वैरण टाका म्होरं. दुपारची धार काढायला बसलोय म्हणायचं. ह्या गावात काय बी फुटंल, खरं दुसऱ्याच्या म्हशीला कोण हात लावायचा न्हाय."

अमरेशला ते पटलं. पाच म्हशी आडव्या उभ्या राहिल्या तर त्या अरुंद वळणावर माणूस अंग चोरूनच पुढं जाऊ शकला असता, आणि पलीकडं नीट दिसलंही नसतं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. म्हशींच्या शिंगांचा रंग अजून तसाच होता, आणि चंद्रीच्या पाठीवर केस कातरून काढलेली नक्षीही. चंद्री सगळ्यांत पुढची म्हैस. पाडव्याला गावातल्या म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात तेव्हा बघ्यांची गर्दी चंद्रीचं नाव घ्यायची. दावी गुंतवायला जागा नव्हती, म्हणून खिडकीच्या गजांना आणि विजेच्या खांबाला सैल गाठी मारल्या. वैरण टाकली. रत्नव्वा चरवी घेऊन बसली, नागाप्पा तोंडाला उभे राहिले, आणि अमरेशला वर माळ्यावर पाठवलं.

"खिडकीत उभा ऱ्हाऊ नको," शांभवी त्याच्यामागून चढत म्हणाली.

"मग कुठं?"

"बाजूला. आनि बोलू नको कानडीत. तोंडातून निघतंय तुझ्या."

माळ्याच्या खिडकीतून वळण दिसत होतं, आणि छपराच्या कडेतून मोठ्या रस्त्याचा चौकापर्यंतचा एक तुकडा. चौकात टायर पेटवला होता. धूर सरळ वर जात नव्हता, घरांच्या उंचीवर आडवा पसरत होता. आधी घोषणा ऐकू आल्या, मग गाड्या. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा आवाज असा होता की खिडकीची काच थरथरली. पाडव्यासाठी तालमीच्या पोरांनी सायलेन्सर काढले होते, आणि अजून कुणी परत बसवले नव्हते.

अमरेशला त्याच क्षणी काहीतरी आठवलं.

पाडव्याला म्हैस हाकून पळत नाही. मालकाची गाडी पुढं, म्हैस मागं. तीन-चार महिने आधीपासून तिला त्या एका गाडीच्या आवाजाची सवय लावतात. गाडी फटफटवायची, म्हैस चार पावलं आली की मूठभर भुसा. हळूहळू अंतर वाढवायचं. मामाच्या म्हशींना ही सवय नागाप्पांनी लावली नव्हती, त्यांचे गुडघे गेले होते. सम्राटनं लावली होती, आपल्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर. अमरेशनं एकदा कुतूहलानं बघितलं होतं. गल्लीतून बुलेट गेली तरी चंद्री कान हलवायची नाही. पण ती टू-स्ट्रोक पलीकडच्या गल्लीत सुरू झाली तरी ती उठून उभी राहायची.

खाली चंद्री रवंथ करत होती. तिचा जबडा थांबला.

"मावा!" अमरेश मामांना ओरडला. "चंद्रीला धरा! सम्राटची गाडी हाय पुढं!"

नागाप्पांनी वर बघितलं, आणि तेवढ्यात ती गाडी गल्लीच्या तोंडावरून गेली. सम्राटनं आत बघितलंसुद्धा नाही. उलट त्यानं वेग वाढवला. मागची सगळी गर्दी त्याच्यामागं धावत, ओरडत, गल्लीकडं न बघता पुढं चालली होती. अमरेशला ते वरून स्वच्छ दिसलं. सम्राट मोर्चा गल्लीवरून पुढं काढत होता. त्यासाठीच त्यानं एवढी रेस दिली होती, आणि त्या रेसनंच चंद्रीनं मान झटकली. गाठ सुटली. मागच्या चारही सुटल्या. रत्नव्वा चरवीसकट बाजूला पडली. पाच म्हशी वळणावरून निघाल्या त्या सरळ मोठ्या रस्त्यावर, मोर्चाच्या मधून, त्या आवाजामागं.

माणसं बाजूला पळाली. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी हसलं. काहीजण थांबले आणि मागं वळले, या म्हशी आल्या कुठून हे बघायला. वळण मोकळं झालं होतं. टेम्पो तिथं उभा होता, पोत्यासकट.

"आता?" शांभवी म्हणाली. तिनं अमरेशचं मनगट धरलं होतं आणि ते सोडायचं तिच्या लक्षात नव्हतं.

नागाप्पा गुडघे धरत गर्दीकडं चालले होते.

चौकात सम्राटनं गाडी थांबवली असावी, कारण आवाज एकदम कमी झाला. आता चंद्री अमरेशला दिसत होती. ती जळत्या टायरजवळ उभी होती. आवाज बंद झाल्यावर कुणाच्या मागं जायचं हे तिला कळत नव्हतं, आणि आगीमुळं मागं फिरायलाही ती धजत नव्हती. तिचा मागचा एक पाय थरथरत होता. बाकीच्या चौघी तिला चिकटून. एकानं काठी आपटली तशी ती आगीकडंच सरकली.

"काठी नको! काठी नको, भावा!" नागाप्पांचा आवाज माळ्यापर्यंत आला. ते मराठीत बोलत होते, बाहेर ते मराठीतच बोलायचे. मग ते चंद्रीकडं वळले आणि त्यांना थांबावं लागलं. का, ते अमरेशला माहीत होतं. चंद्रीशी मराठीत बोलून उपयोग नव्हता. जन्मल्यापासून तिला या घरातली एकच भाषा ऐकायला मिळाली होती.

नागाप्पांनी आजूबाजूला एकदा बघितलं.

"बा," ते म्हणाले. "बा अव्वा, बा. इल्ली बा." ये आई, इकडं ये.

टायरची तडतड ऐकू येत होती.

"आयला, कानडी हाय ह्यो," एकजण म्हणाला.

"कुठलं गा पावणं?"

"हितलाच हाय मी," नागाप्पा म्हणाले. "माझा बा पन हितलाच." आणि परत चंद्रीला, हात पुढं करून, "बा अव्वा."

"मराठीत बोल म्हाताऱ्या! कोल्हापुरात हाईस तू!" ओरडणारा पोरगा सम्राटच्या मागं झेंडा धरून बसलेला होता. त्याचं नाव विश्वजित हे अमरेशला नंतर कळलं. दोन-तीन मोबाइल वर झाले.

तेव्हा सम्राट गाडीवरून उतरला. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे म्हशीला मराठी येत न्हाय, काय करूया तिचं? तोंडाला काळं फासूया? ती आधीच काळी हाय की लेका!"

पहिल्यांदा एकटाच माणूस हसला, मग दहा-बारा, मग सगळाच घोळका. हसण्याच्या आवाजात चंद्रीनं आगीकडं पाठ फिरवली आणि नागाप्पांच्या हाताला नाक लावलं. ते तिची शिंगदोरी धरून परत निघाले. बाकीच्या मागोमाग.

शांभवीनं श्वास सोडला. अमरेशनं सोडला नाही. म्हशींच्या मागून पाच-सहाजण येत होते. पुढं विश्वजित, मोबाइल धरून.

"म्हाताऱ्याचं घर तरी बघूया," तो म्हणत होता. "बघूया कोण कोण हाय आत."

म्हशी वळणावरून आत आल्या आणि गोठ्यात शिरल्या. मागून ते आले, आणि उभे राहिले. विश्वजितनं पोतं उचललं.

"ए! कर्नाटक पासिंग! हितं हाय बघा!"

नागाप्पांना आत घेऊन खाली रत्नव्वानं कडी घातली होती. अमरेशनं माळ्याच्या जिन्यावर पाय ठेवला. शांभवीनं त्याची कॉलर धरून त्याला मागं खेचलं.

"माझा टेम्पो हाय," तो कुजबुजला.

"मग? तू गेलास की त्यांना टेम्पो आनि ड्रायव्हर दोन्ही मिळतंय."

त्याला जायचं होतं. पण खेचल्याबद्दल त्याला तिचा रागही आला नाही, बरं वाटलं, आणि तेच जास्त लागलं. विश्वजितनं गटारीच्या कडेचा फरशीचा तुकडा उचलला होता. दुसऱ्या एकाच्या हातात जळक्या ऑइलचा डबा होता. तिसरा टेम्पोतल्या कडब्याकडं बघत खिशात काहीतरी चाचपत होता. काडेपेटी असावी असं अमरेशला वाटलं. तंबाखूची पुडीही असू शकली असती.

सम्राट गाडी ढकलत वळणावरून आला. इंजिन बंद होतं. त्यानं गाडी टेम्पोपुढं आडवी लावली.

"कडबा हाय त्यात, डोळं हायत का?" तो तिसऱ्याला म्हणाला. "ठिणगी पडली तर आख्खी गल्ली जाईल. माझं घर धरून."

"काच तरी फोडू दे," विश्वजित म्हणाला.

"काच फोडून काय कळणार हाय कुणाला, कुठली गाडी ती? गावात फुटक्या काचंच्या गाड्या काय कमी हायत?" त्यानं ऑइलचा डबा त्या दुसऱ्याच्या हातातून घेतला. "ह्ये फासलं की व्हिडिओत दिसतंय. धर मोबाइल. नीट धर, हलवू नको."

रत्नव्वाच्या तोंडातून दाराआडून एक आवाज निघाला.

सम्राटनं आधी नंबरप्लेट काळी केली, शेणावरूनच. मग टायरवर पाय देऊन वर चढला. पहिल्या अक्षराजवळ त्याचा हात थांबला, की डबा जड झाला म्हणून त्यानं तो दुसऱ्या हातात घेतला, हे वरून कळलं नाही. अक्षरं एकेक करून गेली. लाल रंगावर ऑइल ओघळत काचेवर आलं. तो तोंड मोबाइलकडं करून घोषणा देत होता, आणि बाकीचे त्याच्यामागं. व्हिडिओ झाला. विश्वजितनं फरशीचा तुकडा तरीही मारलाच, पण तो चौकटीला लागून खणकन् खाली पडला, आणि चौकातून कुणीतरी शिट्टी मारली तसे ते पळत गेले. सम्राट सगळ्यांत शेवटी गेला. गाडी त्यानं सुरू केली नाही. वळणापलीकडं, मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलतच नेली.

संध्याकाळी गल्लीत पोलिसांची गाडी एकदा येऊन गेली. चंद्रीच्या मागच्या पायाला टायरमधल्या तारेनं लांब चीर पडली होती. नागाप्पांनी त्यात हळद दाबली. रत्नव्वा त्यांच्याशी बोलत नव्हती, कुणाशीच बोलत नव्हती. अमरेश टाकीतून डिझेल काढून चिंधीनं ऑइल पुसत होता. ऑइल निघत होतं, पण त्याच्यासोबत लाल रंगही थोडा थोडा निघत होता, म्हणून तो हळू पुसत होता.

वळणावर सम्राट आला, पायी.

"आलास?" रत्नव्वानं तोंड उघडलं. "ये. माझं तोंड बी ऱ्हायलंय, फास."

"काकू, शिव्या काय द्यायच्या त्या द्या. खरं आधी चंद्रीचा पाय बघू द्या."

"तुझ्यामुळंच झालंय ते."

"व्हय." तो गोठ्यात गेला, चंद्रीच्या पायाशी बसला आणि बराच वेळ उठला नाही. बाहेर आला तेव्हा अमरेशकडं न बघता म्हणाला, "दुसरा कुणी चढला असता तर काचेवर उभा ऱ्हाऊन फोडली असती त्यानं."

"बघितलं मी," अमरेश म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचं होतं. उपकार मानावेत की त्याच्या तोंडावर चिंधी मारावी, हे त्याचं ठरत नव्हतं.

मोबाइल वाजला. गावाकडून महांतेश, अमरेशचा वर्गमित्र. तो कानडीत भराभरा बोलत होता आणि त्याच्या मागं बऱ्याच जणांचे आवाज होते. "तुझाच टेम्पो ना तो? आम्ही ओळखला. मायक्काच्या नावावर पाय देऊन चढलाय तो. सगळ्या ग्रुपवर आलाय. तोंड स्वच्छ दिसतंय त्याचं. कोण आहे तो? नाव सांग, नाहीतर गल्ली सांग. त्यांच्या गाड्या इकडं येतातच की. नाक्यावर पोरं जमलीत आत्ता."

सम्राट समोर उभा होता. त्याच्या नखांत अजून काळं होतं. 'बा' सोडून त्याला कानडी कळत नव्हती.

"गोत्तिल्ल," अमरेश म्हणाला. माहीत नाही.

"माहीत नाही म्हणजे? तू तिथंच होतास ना?"

"आत होतो. दिसलं नाही. बाहेरची पोरं होती." त्याचा आवाज स्वतःलाच खोटा वाटला. "महांतेश, ऐक. इकडच्या कुठल्या गाडीला हात लावू नका. मी अजून इथं आहे. कळतंय ना, मी इथं आहे."

पलीकडं कुणीतरी मोबाइल ओढून घेतला, शिवी ऐकू आली, आणि फोन कट झाला.

"काय म्हणत्यात?" सम्राटनं विचारलं.

"कवा निघतोस, विचारत्यात."

"मग कवा निघतोस?"

"नाका उघडला तरी सकाळपर्यंत न्हाय. असा काळा टेम्पो घेऊन गावात शिरलो तर तिकडं कुणाची तरी गाडी पेटंल."

सम्राट थोडा वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिला. मग त्यानं रत्नव्वाकडं हात केला. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्याच्या अंगावर फेकला. तो त्यानं डिझेलमध्ये बुडवला आणि नंबरप्लेटपुढं उकिडवा बसला.

वर शांभवी खिडकीत उभी होती, ग्रुप बघत. "नाक्यावर काय तरी झालंय," ती खाली वाकून म्हणाली. "इकडचा एक ट्रक अडवलाय म्हणे. ड्रायव्हरचं अजून काय कळलं न्हाय."

अमरेशनं महांतेशला फोन लावला. लागला नाही. त्यानं पुन्हा लावला.